समुद्रापलीकडच्या दप्तरातील चेहरे

कोकणातल्या एखाद्या साध्या शेतकरी घराण्यातील मनुष्य आपल्या खापरपणजोबांचे छायाचित्र शोधू लागला, तर ते त्याला मिळण्याचा संभव जवळजवळ नाहीच, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. छायाचित्रणाची कला मुंबईस उशिरा आली असे मुळीच नव्हे. 1854 साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, त्यानंतर लवकरच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ही कला शिकविण्याचा वर्गही काही काळ चालला, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय छायाचित्रकार त्याच सुमारास नावारूपाला आले. परंतु कॅमेऱ्यासमोर बसणारा वर्ग ठरलेला होता: संस्थानिक, शेटसावकार, विद्वान शास्त्री, डॉक्टर, वकील आणि गोरे अंमलदार. गरिबाचा चेहरा काचेवर उमटला तो बहुधा विल्यम जॉन्सन याने 1863 आणि 1866 साली प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांसारख्या, मुंबईतील जातीजमातींचे नमुने दाखविणाऱ्या ग्रंथांसाठी. तेथे त्याच्या जातीला महत्त्व होते, त्याच्या नावाला नव्हते.

ह्या नियमाला एक मोठा अपवाद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रत्नागिरी, सावंतवाडी आणि घाटावरच्या काही मुलखांतून जे लोक मजुरीच्या करारावर मॉरिशस बेटात गेले, त्यांच्यातील अनेकांची छायाचित्रे आजतागायत टिकून आहेत. आणि ती नुसती छायाचित्रे नव्हेत, तर ज्या इसमाचा तो चेहरा आहे त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जिल्हा, ज्या गलबतातून तो आला त्याचे नाव आणि ज्या मळ्यावर त्याने काम केले त्या मळ्याचे नाव, हे सर्व ज्यांच्याशी जोडता येते अशी छायाचित्रे. जो भाऊ गावी राहिला, ज्याने जमीन कसली, वंश वाढविला आणि ग्रामदेवतेच्या पालखीला खांदा दिला, त्याचा चेहरा त्याच्या पणतवंडांना ठाऊक नाही. आणि जो गेला, ज्याची वाट पाहून घरच्यांनी अखेर नाव टाकले, त्याचा चेहरा मात्र उरला. असे का घडले आणि तो चेहरा आज शोधायचा कसा, हे दोन्ही प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की पहिल्याचे उत्तर मिळाल्याखेरीज दुसऱ्याच्या वाटेला लागता येत नाही.

मॉरिशसमधील गुलामगिरी 1835 साली कायद्याने संपुष्टात आली, आणि उसाच्या मळ्यांना मजूर कोठून मिळणार ही चिंता तेथील मळेवाल्यांस त्याच्या आधीपासूनच पडली होती. कलकत्त्याहून निघालेले ‘ॲटलास’ हे जहाज 36 हिंदी मजूर घेऊन 2 नोव्हेंबर 1834 रोजी पोर्ट लुई बंदरात शिरले, आणि पुढे जगभर पसरलेल्या करारबद्ध मजुरीच्या व्यवहाराचा हाच आरंभ मानला जातो. मजुरांची फसवणूक आणि हाल यांविषयी ओरड झाल्यावर ही निर्यात काही वर्षे बंद ठेवावी लागली. 1842 साली सरकारी देखरेखीखाली ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ह्या तीन बंदरांतून मजूर पाठविण्यास परवानगी मिळाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत ह्या बेटावर उतरलेल्या हिंदी मजुरांची संख्या साडेचार लाखांच्या घरात जाते. त्यांत बहुसंख्य बिहार व संयुक्त प्रांताकडचे, मागोमाग तमिळ व तेलुगू मुलखांतले. मुंबईकडच्या लोकांचा वाटा लहान, आणि तोही मुख्यतः 1865 च्या सुमारापर्यंतचाच, कारण त्यानंतर मुंबई बंदरातून मॉरिशसला मजूर जाणे जवळजवळ थांबले. ही शेवटची गोष्ट शोधकाने ध्यानात ठेवावी: मराठी पूर्वजाचा माग घेताना दृष्टी मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशी, पन्नाशी आणि साठीच्या पूर्वार्धावर ठेवली, तर पुष्कळ वृथा श्रम वाचतात.

हे लोक का गेले, याचे कारण कोकणच्या जमिनीतच आहे. खोतीच्या अंमलाखाली कसणाऱ्या कुळाला वरकस जमिनीतून नाचणी-वरीपलीकडे फारसे काही हाती लागत नसे, आणि पावसाळा सरल्यावर जवान माणसाने मुंबई गाठावी, गोदीत ओझी वाहावीत किंवा पलटणीत नाव घालावे, ही रीत आधीच रुळलेली होती. मुंबईच्या धक्क्यावर काम शोधणाऱ्या अशा माणसाला पाच वर्षांचा करार, ठराविक वेतन आणि शिधा यांचे आमिष दाखविणारा दलाल भेटला, की समुद्रप्रवासाची भीती मागे पडत असे. पाच वर्षे काढून, गाठीला चार पैसे बांधून परतावे, असाच बहुतेकांचा बेत असणार. काही परतलेही, उरलेल्यांचे वंशज आज वाक्वा, ब्लॅक रिव्हर इत्यादी भागांत नांदत आहेत, गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते, आणि कोकणातली जाखडी त्यांच्याकडे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते.

पोर्ट लुई बंदरात उतरलेल्या मजुराला प्रथम नेत ते 1849 साली बांधण्यास घेतलेल्या स्थलांतरितांच्या डेपोत. धक्क्यावरून वर चढण्याच्या तेथल्या दगडी पायऱ्या आज आप्रवासी घाट ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्मारकाचा भाग आहेत, आणि 2006 साली युनेस्कोने त्या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला. ह्या डेपोत मजुराची नोंद होऊन त्याला एक क्रमांक मिळे. हा क्रमांक एका गलबतापुरता किंवा एका वर्षापुरता नव्हता. आलेल्या माणसांस तो क्रमाने चढता दिला जाई, त्यामुळे लहान आकडा असलेला मनुष्य आधी आलेला आणि मोठा आकडा असलेला मागाहून आलेला, असा ढोबळ अंदाज नुसत्या आकड्यावरूनही बांधता येतो. आईबापांबरोबर आलेल्या पोरालाही स्वतंत्र क्रमांक मिळे. जन्मभर, म्हणजे करार बदलला, मळा सोडला, लग्न केले, मूल झाले, गुन्हा दाखल झाला किंवा मरण आले, तरी सरकारदरबारी त्या माणसाची खरी ओळख तो क्रमांकच राही. सहा एकनाव्या माणसांतून नेमका एक निवडून काढण्याचे जे सामर्थ्य त्या आकड्यात होते, ते नावात नव्हते. आणि आजच्या शोधकाच्या हातातही सर्वांत भरवशाचे साधन तेच आहे. पूर्वजाचे छायाचित्र शोधू पाहणाऱ्याने छायाचित्र शोधू नये, क्रमांक शोधावा; क्रमांक सापडला म्हणजे छायाचित्र आहे की नाही एवढाच प्रश्न उरतो.

आता हे छायाचित्र काढले कोणी आणि कशासाठी? पाच वर्षांचा पहिला करार पुरा केलेल्या मजुराला तेथील कायद्याच्या भाषेत ‘जुना स्थलांतरित’ म्हणत. असा मनुष्य तत्त्वतः मोकळा होता. त्याने स्वतःची भाजीबाग करावी, फेरी करावी, गाडी हाकावी किंवा दुसऱ्या मळ्यावर काम धरावे, यास वास्तविक कोणाची हरकत असण्याचे कारण नव्हते. परंतु मळेवाल्यांस स्वस्त मजूर हवे होते, आणि मोकळा फिरणारा हिंदी मनुष्य म्हणजे उडाणटप्पू, अशी अंमलदारांची समजूत होती. 1867 साली तेथील सरकारने जो मजूरविषयक कायदा केला, त्यान्वये प्रत्येक जुन्या स्थलांतरिताने आपले छायाचित्र लावलेले ओळखपत्र सदैव जवळ बाळगणे भाग पडले, आणि त्याशिवाय तो कोणत्या परगण्यात राहतो हे सांगणारा पोलिसांचा परवानाही. वाटेत शिपायाने हटकले आणि हे कागद दाखविता आले नाहीत, तर अटक. कागद हरवला तर नवा मिळविण्यासाठी भुर्दंड, आणि तोही मजुराच्या मिळकतीच्या मानाने जबर. ह्या बेटावर 1866 ते 1868 ह्या काळात हिवतापाच्या साथीने हजारो माणसे मारली होती. घरोघरी मृत्यू चालू असताना हा कायदा अमलात आला, हेही त्या चित्रांकडे पाहताना विसरता कामा नये. पारपत्रावर छायाचित्र लावण्याची प्रथा जगात रूढ होण्यास अजून अर्धे शतक होते. त्या काळी एखाद्या सरकारने हजारो गरीब माणसांचे चेहरे टिपून त्यांची नोंद ठेवावी, हा प्रकार अपूर्वच म्हटला पाहिजे, आणि तो घडला माणसाला सन्मान देण्यासाठी नव्हे, तर त्याला पकडणे सोपे जावे म्हणून.

ह्या जाचाला त्या लोकांनी मुकाट्याने मान तुकविली नाही. 1871 साली आदोल्फ द प्लेव्हिट्झ नावाच्या एका युरोपीय मळेवाल्याच्या साहाय्याने 9,401 जुन्या स्थलांतरितांनी गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांच्याकडे अर्ज केला, आणि त्यातील गाऱ्हाण्यांत ओळखपत्र, परवाना आणि पोलिसांची धरपकड यांचा ठळक उल्लेख होता. प्लेव्हिट्झवर मळेवाल्यांनी हल्ला केला. पण प्रकरण विलायतेपर्यंत गेले, आणि राजाज्ञेने चौकशी आयोग नेमला गेला. त्या आयोगाच्या दोन सभासदांपैकी एक विल्यम एडवर्ड फ्रियर हे मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत दीर्घकाळ काम केलेले गृहस्थ होते. 1875 साली बाहेर आलेल्या आयोगाच्या अहवालाने त्या कायद्याच्या अंमलबजावणीवर कठोर ताशेरे ओढले. आपल्या पूर्वजाचे ओळखपत्रावरील छायाचित्र ज्याला मिळेल, त्याने ह्या अहवालाची निदान काही पाने वाचावीत असे मला कळकळीने वाटते, कारण ती वाचल्यावाचून त्या चेहऱ्यावरचा ताठरपणा आपण चुकीचा वाचू.

त्या काळची ही दप्तरे आज मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूट ह्या संस्थेत आहेत. 1970 साली ह्या संस्थेची कोनशिला इंदिरा गांधींच्या हस्ते बसविली गेली, आणि पुढे हिंदी स्थलांतरितांच्या मूळ नोंदवह्या, करारपत्रे, विवाहाच्या नोंदी आणि छायाचित्रे तिच्या स्वाधीन झाली. वंशजांनी नात्याचे दाखले दाखवून अर्ज करावा आणि संस्थेने नोंद काढून द्यावी, अशी तेथील सर्वसाधारण पद्धत आहे. सगळे दप्तर कोणालाही घरबसल्या चाळता येईल अशा रीतीने संगणकजालावर मोकळे सोडलेले नाही. हे मला गैर वाटत नाही. ज्या नोंदीत माणसाची जात, शरीरावरच्या खुणा आणि कधी गुन्ह्याची हकिकत लिहिलेली आहे, ती त्याच्या वंशजांच्या आधी परक्यांच्या हाती पडू नये, हा विवेक योग्यच आहे.

मग जालाचा उपयोग काय? उपयोग फार मोठा आहे, पण तो अलीकडच्या टोकाला. शोधाची वाट नेहमी आजपासून मागे जाते. स्वतःचा जन्मदाखला, मग बापाचा, मग आजोबांचा; मॉरिशसमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद ठेवणारे नागरी नोंदणीचे खाते जुने व व्यवस्थित असल्यामुळे ही साखळी बहुधा तुटत नाही. तीन-चार पिढ्या मागे गेले की असा एक दाखला हाती येतो, ज्यात मुलाच्या आईबापांच्या नावांपुढे आकडे घातलेले असतात. तेच ते स्थलांतरिताचे क्रमांक. हे दाखले कोणत्या चुलत घराण्याच्या पेटीत आहेत याचा पत्ता लावण्याचे काम वंशावळीची संकेतस्थळे, ठिकठिकाणच्या नातलगांनी एकत्र येऊन मांडलेले कुलवृक्ष आणि आनुवंशिक चाचणीतून जुळलेले दूरचे भाऊबंद यांच्यामुळे आज जितके सुलभ झाले आहे तितके पूर्वी कधीच नव्हते. एका घरात आजोबांचा विवाहदाखला, दुसऱ्या घरात त्यांच्या बहिणीच्या मृत्यूची नोंद, तिसऱ्या घरात मूळ ओळखपत्रच, असा ऐवज विखुरलेला असतो. ऑस्ट्रेलियात, फ्रान्समध्ये किंवा इंग्लंडात स्थायिक झालेल्या शाखांकडे तो गेलेला असण्याचाही संभव असतो, आणि त्या सर्वांना एका पानावर आणण्याचे काम टपालाच्या युगात एका माणसाच्या आयुष्यात पुरे होणे कठीण होते.

येथे काही अडचणी येतात, आणि त्यांचा उलगडा केल्यावाचून पुढे जाणे योग्य नाही. पहिली अडचण आडनावाची. त्या दप्तरात मजुराचे आडनाव असे बहुधा लिहिलेच जात नसे. त्याचे नाव आणि बापाचे नाव एवढेच घेत. पुढे मुलाच्या दाखल्यावर बापाचे नाव आडनावाच्या जागी बसले आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आले, त्यामुळे तिकडच्या मराठी कुटुंबांची पुष्कळ आडनावे ही वास्तविक पहिल्या पूर्वजाची पाळण्यातली नावे आहेत. सावंत, कदम, तांबे, गुरव असे शब्द घेऊन जो त्या नोंदवह्यांत शिरेल, तो बहुधा रिकाम्या हाताने परतेल. दुसरी अडचण लेखनाची. मराठी माणसाने उच्चारलेले नाव फ्रेंच वळणाच्या कारकुनाने ऐकावयाचे आणि रोमन अक्षरांत उतरवावयाचे, त्यामुळे एकाच माणसाचे नाव करारात एक, विवाहात दुसरे आणि मृत्यूच्या दाखल्यात तिसरे होऊन बसते. शोधताना नाव डोळ्यांनी न वाचता मोठ्याने म्हणून पाहावे, म्हणजे कानाला जे ओळखीचे वाटते ते अक्षरांत दडलेले सापडते. वयाचेही तसेच: जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसे, कारकून अंदाजाने आकडा टाकी, आणि म्हणून पाच-सहा वर्षांच्या फरकाने कोणी घाबरून जाऊ नये.

तिसरी अडचण विवाहाची आहे, आणि ती जरा अधिक नाजूक. केवळ धार्मिक विधीने लागलेले लग्न तेथील कायदा दीर्घकाळपर्यंत मानीत नव्हता. अग्नीच्या साक्षीने संसार मांडलेल्या जोडप्याची मुले सरकारी दप्तरात अनौरस ठरत आणि आईच्या नावावर नोंदली जात. अशा ठिकाणी दाखल्यावर आकडा सापडतो तो आजीचा, आजोबांचा नव्हे. ह्यावरून कोणी आपल्या कुळाविषयी संकोच बाळगू नये. दोष त्या जोडप्याचा नव्हता, तर त्यांच्या विधीला मान्यता नाकारणाऱ्या व्यवस्थेचा होता. शोधाच्या दृष्टीने पाहिले तर आजीचा क्रमांक हा उलट लाभच आहे, कारण ह्या छायाचित्रसंग्रहात पुरुषांच्या मानाने स्त्रिया थोड्या, आणि जिचा चेहरा मिळेल तिची प्रतिमा म्हणून अधिकच मोलाची.

क्रमांक मिळूनही छायाचित्र नसणे, ही निराशा पुष्कळांच्या वाट्याला येते, आणि तिची कारणे समजून घेतली म्हणजे ती सह्य होते. जो 1867 पूर्वीच साथीत, अपघातात किंवा म्हातारपणाने गेला, त्याचे चित्र असण्याचे फारसे कारणच नाही. जो पाच वर्षे पुरी करून मायदेशी परतला, त्याचीही तीच गत. आणि जो बेटावरच जन्मला, त्याला क्रमांकच नव्हता, म्हणून त्या क्रमांकाच्या संग्रहात त्याचा चेहरा शोधणे व्यर्थ. मराठी लोक मुख्यतः 1865 च्या आधी आलेले, आणि छायाचित्रे त्यानंतरची. अर्थात ज्यांची चित्रे आहेत ते बहुतेक मराठी पूर्वज छायाचित्राच्या वेळी तरुण राहिलेले नव्हते. करारावर ‘वय 22’ वाचून कोवळ्या पोराचा चेहरा अपेक्षिणाऱ्याच्या समोर पस्तिशी-चाळिशीचा, गालफडे बसलेला, उन्हाने रापलेला मनुष्य येतो, आणि हा आपला नव्हेच असे त्याला वाटू लागते. अशा वेळी चेहऱ्याचे साम्य शोधीत बसू नये. नाकडोळ्यांच्या ठेवणीवरून पूर्वज ओळखण्याची हौस सर्वांनाच असते, परंतु तिने पुष्कळ घराण्यांत परक्याचे चित्र देवघराशेजारी टांगले गेले असणार. साक्ष मानावयाची ती आकड्याची, बापाच्या नावाची, गावाची आणि जहाजाची.

चित्र खरोखर हाती आल्यावर ते वाचावे कसे, याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. त्या काळची प्रचलित पद्धती ओल्या कलोडियनची होती. 1851 साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ती प्रसिद्ध केली. काचेच्या तावदानावर रासायनिक द्रव पसरून, तो ओला असतानाच चित्र घेऊन लगेच धुवावे लागे, आणि मग त्या काचेवरून अंड्यातील पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर ठसा काढीत. प्रकाशाला कित्येक सेकंद लागत. तेवढा वेळ मान हलू नये, पापणी शक्यतो लवू नये, अशी ताकीद असल्यामुळे त्या काळचे राजे-महाराजेही चित्रांत गंभीर आणि ताठ दिसतात. मजुराच्या ताठपणात ह्या तांत्रिक कारणाचा भाग किती आणि शिपायाच्या धाकाचा किती, हे वेगळे काढता येत नाही, पण दोन्ही तेथे आहेत हे ध्यानात असावे. त्याहून महत्त्वाची गोष्ट रंगांची. हा ओला थर निळ्या प्रकाशाला फार लवकर जागा होई आणि तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ आंधळा असे. परिणामी निळे कापड चित्रात फिके, पांढुरके उमटते. लाल पागोटे, कपाळीचे कुंकू, हळदीचा पिवळा रंग ही सारी काळी किंवा काळसर दिसतात. आणि मनुष्याच्या त्वचेत तांबूस छटा असल्यामुळे ती प्रत्यक्षाहून अधिक काळी येते. काळे मुंडासे पाहून कोणी जातीधर्माचे तर्क बांधू नयेत, आणि पूर्वज फार काळा होता असा निष्कर्षही काढू नये.

ह्याच कारणासाठी मला आजच्या एका लोकप्रिय प्रघाताविषयी स्पष्ट मत नोंदवावेसे वाटते. जुन्या करड्या चित्रांत यंत्राकडून रंग भरून घेणे, आणि 2021 पासून मायहेरिटेजसारख्या संकेतस्थळांनी उपलब्ध केलेल्या सोयीने त्या चेहऱ्याला डोळे मिचकावायला आणि मंद हसायला लावणे, हा प्रकार घराघरांत पोहोचला आहे. ज्यांनी त्याचा आनंद घेतला त्यांच्या भावनेचा मी अनादर करीत नाही. पण यंत्र जो रंग भरते तो त्या ओल्या काचेने नष्ट केलेल्या रंगाचा केवळ कयास असतो, आणि जे हसू आणते ते दुसऱ्याच कोणा माणसाच्या हालचालीचे असते. पोलिसी ओळखपत्रासाठी बसविलेल्या मनुष्याच्या ओठांवर आपण परक्याचे स्मित चढवावे, हे मला त्याच्यावरील अन्यायात भर घालण्यासारखे वाटते. मूळ प्रत जशी आहे तशी, तिच्या डागांसह, मोठ्या आकारात टिपून ठेवावी, आणि रंगविलेली प्रत केलीच तर तिच्यावर तसे लिहावे.

मॉरिशसखेरीज वेस्ट इंडीज, दक्षिण आफ्रिका व फिजी येथे गेलेल्या हिंदी मजुरांच्या याद्याही आता पुष्कळ प्रमाणात जालावर पाहता येतात. सुरिनामला 1873 ते 1916 ह्या काळात गेलेल्या 34,304 लोकांची नोंद नेदरलंड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारामार्फत नावावरून शोधता येते, आणि दक्षिण आफ्रिकेतील नाताळला 1860 ते 1911 मध्ये उतरलेल्या सुमारे 1,52,000 लोकांच्या जहाजवार याद्याही अभ्यासकांनी उतरवून काढल्या आहेत. नावाची आणि गावाची खात्री करण्यास त्या उत्तम आहेत. पण त्यांतून मिळते ती अक्षरांची ओळख, चेहऱ्याची नव्हे. छायाचित्राच्या बाबतीत मॉरिशसची दप्तरे त्यांच्याहून निराळी पडतात, आणि त्याचे श्रेय, श्रेय म्हणावे तर, त्या 1867 च्या कायद्याचे.

आता समुद्राच्या अलीकडे येऊ. नोंदवहीतील ‘जिल्हा’ ह्या रकान्यात रत्नागिरी असे लिहिलेले असले, तरी ते आजचे रत्नागिरी नव्हे. मालवण, वेंगुर्ले आदी तालुके तेव्हा त्याच जिल्ह्यात होते; सिंधुदुर्ग हा निराळा जिल्हा झाला 1981 साली. सावंतवाडी हे स्वातंत्र्यानंतर विलीन होईपर्यंत स्वतंत्र संस्थान होते, म्हणून तेथला मनुष्य कधी जिल्ह्याच्या रकान्यात संस्थानाचे नाव सांगतो, कधी जवळच्या बंदराचे. गावाचे नाव तर अनेकदा वाडीचे किंवा तर्फेचे असते. अशा नावाचा छडा लावण्यासाठी जुने नकाशे, जिल्हा गॅझेटियर आणि गावची जाणती माणसे हाच आधार. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत असलेल्या महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात मुंबई सरकारच्या परदेशगमनविषयक पत्रव्यवहाराची दप्तरे आहेत. त्यांत व्यक्तीची नोंद मिळेल ही आशा थोडी, पण बंदरातील व्यवस्था, दलाल आणि जहाजे यांची हकिकत कळते.

गावी राहिलेल्या शाखेच्या कागदांची स्थिती अलीकडे पालटली आहे. 2023 पासून कुणबी नोंदी शोधण्याच्या निमित्ताने राज्यातील जिल्हा कार्यालयांनी जुनी जन्ममृत्यूची रजिस्टरे, कोतवालाच्या वह्या आणि मोडी लिपीतले महसुली कागद मोठ्या प्रमाणावर तपासले, आणि त्यांच्या प्रतिमा आपापल्या संकेतस्थळांवर ठेवल्या. ज्या हेतूने हे काम झाले त्याचा वाद निराळा. वंशशोधकाच्या दृष्टीने मात्र सामान्य कुळांचे असे कागद घरी बसून पाहता येणे ही फार मोठी गोष्ट आहे. घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आपल्याकडे विसाव्या शतकात पुष्कळ निघाले, त्यांत छायाचित्रेही विपुल आहेत, पण ते बहुधा साक्षर व संपन्न घराण्यांचे. करारावर गेलेल्या माणसाचा भाऊ त्यांत सापडणार नाही. तो सापडला तर कोतवालाच्या वहीतच. मोडी वाचणारा मनुष्य जोडीला असला, तर मॉरिशसच्या नोंदीतील बापाचे नाव आणि इकडच्या वहीतील मयताचे नाव यांचा मेळ बसविणे अशक्य नाही.

मार्च 2024 मध्ये भारत सरकारने मॉरिशसमधील हिंदी वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड देण्याचे जाहीर केले. 1850 च्या सुमारास गेलेल्या माणसाची आजची तरुण पिढी साधारण पाचवी, सहावी किंवा सातवी भरते, म्हणून ह्या निर्णयाचा मराठी कुटुंबांना प्रत्यक्ष उपयोग आहे, आणि कार्डासाठी जमविलेले कागद नेमके तेच असतात जे छायाचित्रापर्यंत नेतात. ज्यांनी कार्डासाठी मोक्याहून नोंदीचा उतारा काढला असेल, त्यांनी त्याच अर्जासोबत छायाचित्राचीही विचारणा करावी.

आणि ज्यांना ते मिळाले असेल त्यांनी प्रतीच्या मागे क्रमांक, नाव, बापाचे नाव, गाव, जहाज आणि प्रत कोठून व कोणत्या तारखेस घेतली हे लिहावे, कारण एका पिढीनंतर हे लेखन नसलेले चित्र पुन्हा अनोळखी होते. त्या चित्राची एक प्रत नोंदवहीत लिहिलेल्या गावच्या ग्रामपंचायतीकडे, शाळेकडे किंवा देवस्थानाकडे पाठवावी. तेथे राहिलेल्या भावाचे वंशज बहुधा अजून त्याच वाडीत आहेत; त्यांच्या घरी त्या पिढीतला एकही चेहरा नाही, आणि आपल्या खापरपणजोबांचा एक भाऊ समुद्रापार गेला होता हेही त्यांना ठाऊक नसेल.